पिळलेल्या हातांमागचे किस्से

दिव्यांग मुलांच्या शिबिराचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मागे फलक, मध्ये पाहुणे, पुढे खुर्चीत बसलेलं हसरं मूल आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा. तो फोटो निघण्याआधी मंडपामागे काय चाललेलं असतं, ते मात्र छापून येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या पट्ट्यात डिस्टोनिया असलेल्या मुलांच्या थेरपीत जो कुणी वावरला आहे, त्याच्याकडे अशा किश्श्यांची पोतडीच असते. त्यातले काही इथे सांगतो. माणसांची ओळख मुद्दाम झाकली आहे.

बँड वाजला आणि...

एका शिबिरात सकाळपासून शांत बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा होता. पाहुण्यांची गाडी आली, बँड सुरू झाला आणि मुलाची मान मागे गेली, उजवा हात पाठीकडे पिळला, पाय एकमेकांवर चढले. हार घेऊन पुढे आलेले कार्यकर्ते दोन पावलं मागे सरले. "अंगात आलं वाटते याच्या," गर्दीतून आवाज आला. कुणी लिंबू आणायला पळालं, कुणी चप्पल हुंगवायला वाकलं. आईने कुणालाही हात लावू दिला नाही. तिने त्याला खुर्चीतून उचललं, गुडघे पोटाशी घेतले, मांडीत गोळा करून धरलं आणि बँडवाल्यांना हातानेच थांबवलं. थोड्या वेळात अंग सैल झालं. पोरगं घाबरलं असेल, अशी सगळ्यांची समजूत. आई म्हणाली, "भेला नाही तो, खूश झाला. बँड लय आवडते त्याले."

हा विकार फसवतो तो इथेच. मेंदूच्या खोल भागात हालचालींना वळण लावणारी केंद्रं असतात. त्यांच्याकडून चुकीचे आदेश सुटले की हात वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि हात पिळला जातो. मूल काही करायला गेलं, त्याला आनंद झाला, राग आला, कुठे दुखलं, की पीळ वाढतो. झोप लागली की बहुतेक वेळा तो निघून जातो. बर्लिनच्या हर्मान ओपनहाइम यांनी १९११ साली या विकाराचं वर्णन करून त्याला डिस्टोनिया म्हटलं आणि हा मज्जासंस्थेचा विकार आहे असं ठासून सांगितलं. तरीही पुढची कित्येक दशकं असे रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडे धाडले जात होते. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी १९७० च्या दशकात एकेक रुग्ण बारकाईने तपासून ही समजूत मोडून काढली. मुलांच्या विरोधात दिला जाणारा मोठा पुरावा कोणता होता? झोपेत अंग सैल पडतं, म्हणजे जागेपणी मुद्दामच करतात! ओट्यावर बसलेली आपली आजी आणि युरोपातले नामवंत डॉक्टर या एका बाबतीत एकमताचे निघाले.

पिवळा त्रिकोण

अशा बऱ्याच मुलांची फाइल उघडली की पहिल्याच पानावर जन्मानंतरची कावीळ सापडते. रक्तातलं बिलिरुबिन फार वाढलं की ते नवजात बाळाच्या मेंदूत उतरतं आणि नेमकी हालचालींचीच केंद्रं जायबंदी करतं. पुढे मान मागे जायला लागते, हात पिळू लागतात, ऐकायला कमी येतं. या काविळीवर आज निळा दिवा लावतात. तो दिवा कुठून आला, याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. इंग्लंडच्या इसेक्स परगण्यातलं रॉचफोर्ड रुग्णालय, १९५६ सालचा उन्हाळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची व्यवस्था बघणाऱ्या सिस्टर जीन वॉर्ड यांचं ठाम मत होतं की कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी. त्या बाळांना अंगणात नेत. एका फेरीत त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट आणि एक त्रिकोण तेवढा गर्द पिवळा. काही औषध फासलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. तेवढ्या भागावर चादरीचं टोक आलं होतं, उरलेल्या अंगावर ऊन पडलं होतं. पुढे एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूप कमी निघालं. धागे जुळले, प्रकाशाचे पाळणे तयार झाले आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. त्यावर तीन लेखकांची नावं होती. सिस्टर वॉर्ड यांचं त्यात नव्हतं.

हा किस्सा ऐकून कुणी म्हणेल, मग आपल्याला काय चिंता, वऱ्हाडात उन्हाला काय तोटा! इथेच घात होतो. एका घरी चार दिवसांचं बाळ आजीने कोवळ्या उन्हात ठेवलं होतं, पण फडक्यात नखशिखांत गुंडाळून, आणि गळ्यात काविळीची माळ. घरभेटीला आलेल्या आशाताईने फडकं सोडलं, बाळाचे तळपाय अंगठ्याने दाबले आणि उजेडात धरले. तळवे पिवळे. तिने चहाही घेतला नाही, गाडी बोलावली. आजी आडवी आली, "सव्वा महिना झाल्याबिगर बाळ उंबऱ्याबाहीर जात नसते." बाळ त्याच संध्याकाळी अमरावतीला दिव्याखाली पोचलं आणि बचावलं. तेव्हापासून गल्लीत कुठेही बाळंतपण झालं की आशाताईच्या आधी ही आजीच जाते आणि बाळाचे तळवे दाबून बघते.

सकाळची पोरगी, संध्याकाळची पोरगी

"काम सांगतलं का पाय वाकडा होते इचा," अशी एका मुलीबद्दल घरची तक्रार होती. सकाळी ती नीट शाळेत जायची. दुपारनंतर पाऊल आत वळायचं आणि दिवेलागणीला ती भिंत धरून चालायची. शाळेचं मत होतं की मुलगी नाटकी आहे. थेरपीच्या ताईंनी तक्रार ऐकून घेतली आणि आईला एवढंच सांगितलं की सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढा. नागपूरला न्यूरॉलॉजिस्टने दोन्ही व्हिडिओ पाहिले आणि लेवोडोपा लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन बाप औषधाच्या दुकानात गेला, तर दुकानदार गोळी देईना. त्याच्या मते ही म्हाताऱ्यांच्या कंपवाताची गोळी, डॉक्टरने आजोबांची चिठ्ठी नातीच्या नावावर फाडली असणार. फोन झाला, खुलासा झाला, गोळी मिळाली. काही दिवसांत ती मुलगी संध्याकाळी अंगणात लंगडी खेळताना दिसली. लंगडी घालताना तिने जो पाय टेकवला होता, तो आधी वळणारा पाय होता.

दिवसभरात असं वाढत जाणारं डिस्टोनियाचं रूप जपानच्या मासाया सेगावा यांनी १९७१ साली मांडलं. त्यांच्या पहिल्या रुग्ण दोन चुलत-मावस नात्यातल्या मुली होत्या. मेंदूत डोपामिन तयार करण्याची साखळी एका जागी तुटलेली असते आणि लेवोडोपाच्या छोट्या डोसाने ती सांधली जाते. त्यामागचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. तरीही अशा मुलांवर 'सेरेब्रल पाल्सी'चा, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेचा, शिक्का बसायचा राहिला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नोआ आणि अलेक्सिस बिअरी या जुळ्यांवर तो दोन वर्षांच्या वयात बसला. आईच्या हाती सेगावा यांच्या विकारावरचा वर्तमानपत्रातला जुना लेख लागला. त्यातली मुलगी आणि आपली अलेक्सिस सारखीच, हे तिने ओळखलं. गोळी सुरू झाली आणि अलेक्सिस चालू लागली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पुढे काही वर्षांनी अलेक्सिसला श्वासाचा त्रास सुरू झाला. २०१० मध्ये दोघांचं संपूर्ण जनुकवाचन केलं, तेव्हा कळलं की दोष सेगावा यांच्या नेहमीच्या जनुकात नव्हताच, तो दुसऱ्याच जागी होता. आणखी एक औषध जोडलं आणि ती पुन्हा मैदानात उतरली. आईचा अंदाज चुकला होता, तरी तिचा आग्रह बरोबर ठरला.

मागच्या दाराने आलेली औषधं

थेरपीला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या पिशवीत बॅक्लोफेनची पट्टी असते. हे औषध स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या हाइनरिश केबर्ले यांनी १९६२ साली बनवलं ते मिरगीसाठी. मिरगीवर त्याने निराशाच केली. पण रुग्णांचे ताठरलेले स्नायू सैल पडलेले दिसले आणि नापास झालेलं औषध दुसऱ्याच वर्गात पास झालं. आता त्याची खोडही ऐका. ते एकाएकी बंद करायचं नसतं. पोळ्याच्या सुमारास एका घरी पट्टी संपली. दुकान बंद, घरात पाहुणे, "दोन दिवसानं काय होते बावा" म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप चढला आणि अंगाचा पीळ थांबेचना. वादळासारखा न थांबणारा असा डिस्टोनिया जीवघेणा असतो. स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. सुदैवाने वेळेत दवाखाना गाठला. आता त्या घरी बैलांच्या झुलीच्या आधी गोळ्यांची पट्टी आणली जाते आणि ते काम आठवणीने करतो तो मुलाचा धाकटा भाऊ.

आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनची कुळकथा तर खाद्यपदार्थांपासून सुरू होते. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गमध्ये आतड्यांत मांस भरून केलेले सॉसेज खाऊन लोक लुळे पडत आणि मरत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास त्याचा छडा लावायला घेतला. तो कवीही होता. विषाचा अंश त्याने स्वतः चाखून पाहिला आणि हेच विष कधीतरी औषध ठरेल असं लिहून ठेवलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात मयताला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं, त्यातले तिघे दगावले आणि त्यातूनच एमिल फान एर्मेंगेम यांना ते विष तयार करणारा जंतू सापडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी ते विष अतिसूक्ष्म प्रमाणात तिरळ्या डोळ्यांसाठी वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे हेच औषध पिळलेल्या हातापायांच्या मुलांपर्यंत आलं. त्याचा असर साधारण तीन-चार महिने टिकतो, तेवढ्या अवधीत थेरपीने नव्या हालचाली शिकवून घ्यायच्या असतात. जगाने मात्र त्याला ओळखलं ते कपाळावरच्या सुरकुत्या घालवणारं म्हणून. वरुडच्या बागायतदार बापाला आम्ही पहिल्यांदा त्याचं नाव सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "हे तं हिरोइनी घेतेत ना वो?" आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाल्याबरोबर तो लेकाला घेऊन इंजेक्शनला हजर झाला.

मे महिन्यातला चकवा

ट्रायहेक्सिफेनिडिलने काही मुलांचा पीळ चांगला उतरतो. मोठ्यांच्या मानाने मुलांना त्याचा बराच डोस सोसतो, म्हणून हळूहळू वाढवत नेतात. तोंड कोरडं पडणं, शौचाला कडक होणं, लघवी अडणं, हे त्रास पुस्तकात ठळक दिलेले असतात. वऱ्हाडाच्या मे महिन्यात मात्र आणखी एका ओळीला महत्त्व येतं. या औषधाने घाम कमी येतो. भर दुपारी एक मूल लालबुंद होऊन पडलं. अंग तापलेलं. घरच्यांनी तापाचं औषध दिलं, चादर पांघरली. थेरपीची ताई नेमकी घरी आली होती. तिने काखेत हात घातला, तर काख कोरडी ठक्क. घरातले सगळे घामाने निथळताहेत आणि मुलाच्या अंगावर एक थेंब नाही. चादर काढली, ओल्या फडक्याने अंग पुसलं, कूलरसमोर ठेवलं, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता डोस उतरवून दिला. तिने खरं तर त्या दिवशी हाताच्या पट्ट्यांचं माप घ्यायला चक्कर मारली होती, माप घ्यायचं तसंच राहिलं.

कलमाची पट्टी

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या नर्सऱ्या घरोघरी. जंबेरीच्या खुंटावर डोळा बसवून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळण्यात इथल्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. अशाच एका कारागीर बापाने मुलाचा वळलेला पाय सरळ करायला तीच रीत वापरली. कापडाची पट्टी, बांबूची कामटी, करकचून बांधलेली. पोरगं रात्रभर रडलं आणि पाय दुप्पट पिळला. दुसरीकडे मालिशवाली मावशी रोज ओढून ओढून सरळ करायची. तिचं आणि थेरपीच्या ताईंचं उघड वैर. "मॅडमच्या खेळण्यानं काय होते? जोर लागते जोर," असं मावशी गावभर सांगायची. डिस्टोनियात जोराने ओढलं की वेदना होते आणि वेदनेने पीळ वाढतो. ताईंनी वाद घातला नाही. मुलाला खुर्चीत बसवलं, ढोपरं वाकवली, पावलाखाली पाट दिला, छातीशी रुंद पट्टा लावला आणि मावशीलाच म्हणाल्या, आता तुम्ही हात धरून बघा. हात लोण्यासारखा मऊ. मावशीने मालिश सोडली नाही, पण ओढणं सोडलं. पाय चोळायला तिला बोलावणाऱ्या इतर घरांनाही ती आता सांगते, "आधी पाट आणा."

वेदना अशी नेहमी उघड दिसत नाही. पीळ अचानक वाढला की डॉक्टर, थेरपिस्ट आणि घरचे, सगळ्यांची नजर आधी गोळ्यांकडे जाते. एका मुलीचं तसंच झालं. गोळी वाढवली, उतार नाही. आणखी एक जोडली, उतार नाही. नागपूरला नेऊन मेंदूचं स्कॅन करायचं ठरलं, गाडीही सांगितली. निघायच्या आदल्या दिवशी आजी तिला वरण-भात भरवत होती. डावीकडे घास लागला की मुलगी किंचाळायची. आजीने बोट घालून पाहिलं तर दाढ किडलेली. गाडी नागपूरऐवजी वरुडला दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि दाढ निघाल्यावर पीळ पहिल्या जागेवर आला. पोट साफ नसणं, जळजळ, कानाची ठणक, टोचणारा बूट, खुर्चीत रुतणारा खिळा ही सगळी या मुलांत आधी तपासायची कारणं आहेत.

शेवटचा पत्ता

औषधं थकतात तेव्हा मेंदूत तारा बसवण्याचा उपाय असतो. १९९६ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात फिलिप कूब यांच्या चमूने आठ वर्षांच्या एका मुलीवर तो केला. विशिष्ट जनुकातून आलेल्या डिस्टोनियात त्याचे निकाल डोळे दिपवणारे आहेत. त्याचे व्हिडिओ बघून एक काका जमीन विकायला निघाले होते. पुतण्याचा डिस्टोनिया मात्र नवजात काविळीचा होता आणि अशा मुलांत या शस्त्रक्रियेचा फायदा बराच कमी असतो. मोठ्या शहरातल्या ज्या सर्जनकडे ते पैशांची तजवीज सांगायला गेले, त्याच सर्जनने त्यांना जमीन विकू दिली नाही. त्या जमिनीवर आज संत्र्याची बाग आहे आणि बागेतल्या सपाट रस्त्यावर पुतण्याची चाकाची खुर्ची फिरते.

डोळ्यांनी दिलेला हिशेब

मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती आपल्या मुलीला, मालिनीला शाळा मिळेना म्हणून. अंगावर ताबा नसलेल्या मुलीला शिकवून काय उपयोग, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने टंकून पुस्तक लिहिलं आणि ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. हा पुरावा समोर असूनही गावोगाव डिस्टोनियाच्या मुलाला बोलता येत नाही म्हणून 'त्याले काही समजत नाही' असंच ठरवलं जातं. डिस्टोनियाच्या बऱ्याच मुलांची बुद्धी शरीरापेक्षा कितीतरी पुढे असते. एका घरी संत्र्याचा व्यापारी आला होता. कॅरेटचा हिशेब चालू होता. ताईंनी मुलासाठी 'हो' आणि 'नाही' अशा दोन पाट्या भिंतीवर लावलेल्या. व्यापाऱ्याने आकडा सांगितला, बापाने मान डोलावली आणि मुलाची नजर 'नाही'वर खिळली ती हलेना. आई म्हणाली, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं, तर कॅरेट कमी धरलेले निघाले. व्यापारी त्या घरी आता आधी मुलाकडे बघून आकडा सांगतो.

या सगळ्या किश्श्यांत एक गोष्ट सारखी आहे. मोठं यंत्र पोचायच्या आधी कुणीतरी नीट पाहिलं होतं आणि ज्याने पाहिलं त्याचं कुणीतरी ऐकलं होतं. म्हणून हात जोडून सांगणं आहे. नवजात बाळाचे तळवे पिवळे दिसले तर माळ आणि ऊन यांत एक तासही घालवू नका, दवाखाना गाठा. पीळ येतो तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. कारण सापडत नसेल तर 'लेवोडोपा देऊन पाहता येईल का' हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. गोळ्या मनाने सुरू करू नका, मनाने बंद करू नका. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा. २०१३ साली देशभर सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा शुभारंभ आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट समावेश आहे आणि काविळीसारख्या इजेतून आलेला डिस्टोनिया तिच्यातच मोडतो, तेव्हा दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. आणि शिबिरात मूल पिळलं तर लिंबू आणू नका. आईला वाट द्या आणि बँड थांबवा.